सावल्यांची फायनल

बिल्किस मुजावरचा उजवा घोटा माझ्या दोन्ही हातांत होता आणि ती मला पोत्यासारखी फरफटत मध्यरेषेकडे निघाली होती. तोंडानं तिचं 'कबड्डी कबड्डी' चालूच होतं, पण डोळ्यांनी ती मला शिव्या घालत होती. तेवढ्यात आमची अंबिका माळी तिच्या पाठीवर कोसळली. अंबिका आमच्या संघातली सगळ्यात उंच मुलगी. ती पडली की ताडपत्री पडल्यासारखी सगळ्यांना झाकून टाकायची. त्या ढिगाऱ्यातून बिल्किसचा फक्त एक हात बाहेर आला, बोटं रेषेकडे सरकली आणि शिट्टी वाजली.

"आऊट!" मी ओरडले.

"पोचले!" बिल्किस ढिगाऱ्याखालून ओरडली.

आम्ही दोघींनी पंचांकडे पाहिलं. पंच स्वतःच्या गळ्यातल्या शिट्टीकडे बघत होते. ती त्यांनी वाजवलीच नव्हती. शिट्टी वाजवली होती मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या हवालदारानं. त्याच्या शेजारी तोंडाला मास्क लावलेला एक तरुण डॉक्टर उभा होता आणि मागे रुग्णवाहिका.

"सगळ्यांनी एकमेकींपासून लांब व्हा!" डॉक्टर म्हणाला.

"आधी निकाल सांगा, मग लांब होतो," बिल्किस म्हणाली. तिच्या अंगावर तेव्हा आम्ही पाच जणी होतो.

दोन हजार वीसचा मार्च महिना. कराडच्या एका कॉलेजनं विजेत्यांच्या ढालीसाठी भरवलेल्या स्पर्धेची ती फायनल होती. एका बाजूला आम्ही, जतच्या मुली, आणि दुसऱ्या बाजूला यजमान. गुण बरोबरीत होते आणि खेळ अगदी संपत आला होता. मी आमच्या संघाची कॅप्टन, बिल्किस त्यांची. दोघीही शेवटच्या वर्षाला होतो. यानंतर कॉलेजची कबड्डी आमच्या नशिबात नव्हती.

घोटाळा केला होता प्रमुख पाहुण्यांनी. ते त्या कॉलेजचे माजी विद्यार्थी, नुकतेच दुबईहून आलेले. आदल्या दिवशी सेमीफायनल झाल्यावर त्यांनी जिंकलेल्या दोन्ही संघांतल्या एकेकीशी प्रेमानं हात मिळवला होता, आमचे कोच दाभाडे सर यांना तर मिठी मारली होती, आणि रात्री तापानं फणफणून दवाखान्यात भरती झाले होते. राखीव मुली मागं बाकावर बसल्या होत्या म्हणून त्यांच्यापर्यंत पाहुण्यांचा हात पोचला नव्हता. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना राखीव असल्याचा आनंद झाला.

"या दोघी एकमेकींच्या किती जवळ आल्या होत्या?" डॉक्टरनं वही काढून विचारलं.

"डॉक्टर," मी म्हणाले, "तिचा पाय अजून माझ्या हातात आहे."

त्यानं वही मिटली आणि आम्हा चौदा जणींना तिथल्याच लेडीज हॉस्टेलमध्ये दोन आठवडे बंद करायचा हुकूम काढला. दाभाडे सर मैदानापलीकडच्या मुलांच्या हॉस्टेलमध्ये एकटेच बंद झाले.

हॉस्टेल रिकामं झालं होतं. कॉलेजला सुट्टी लागली होती आणि मुली गावाला पळाल्या होत्या. मधे अंगण, तीन बाजूंना खोल्या आणि पूर्वेला लोखंडी फाटक. प्रत्येकीला वेगळी खोली. जेवणाचं ताट दाराबाहेर स्टुलावर यायचं. आमच्यावर देखरेख करायला रेक्टर कुमठेकर मॅडम पहिल्या मजल्यावर राहायला आल्या. त्या वनस्पतिशास्त्र शिकवायच्या. हातात सहा फुटी बांबू घेऊन फिरायच्या आणि दोन मुली जवळ आलेल्या दिसल्या की मधे तो आडवा धरायच्या. "रोपंसुद्धा अंतर ठेवून लावतात," असं म्हणायच्या, "नाहीतर रोग पसरतो."

माझी खोली आणि बिल्किसची खोली अंगणाच्या समोरासमोर. पहिल्याच सकाळी तिनं खिडकी उघडली.

"ए जत! माझा हात लागला होता रेषेला."

"शिट्टीनंतर लागला," मी म्हणाले.

"पोलिसाची शिट्टी कुठं धरतात व्हय?"

"मग तू पोलिसाची शिट्टी ऐकून उठलीस कशाला?"

"उठतीय कशाची? तुमची ती ताडपत्री होती की अंगावर!"

तिसऱ्या खिडकीतून अंबिका ओरडली, "ताडपत्री कुणाला म्हणतीस गं?"

असं रोज चालायचं. सकाळी दात घासताना सुरू व्हायचं आणि संध्याकाळी मॅडमनी बांबू कठड्यावर आपटला की थांबायचं. बाहेर गावं बंद होत होती, जिल्ह्यांच्या सीमा बंद होत होत्या, घरून रडवेले फोन येत होते. आणि आम्ही चौदा जणी भांडत होतो एका हाताच्या चार बोटांवरून. खरं सांगायचं तर त्या भांडणानंच आम्हाला सांभाळलं. ज्या दिवशी आम्हा सगळ्यांची पहिली तपासणी निगेटिव्ह आली, त्या दिवशी तर दोन्ही बाजूंनी थाळ्या वाजवून भांडण झालं.

अंगणात फिरायची पाळी ठरलेली असायची. एका सकाळी माझी पाळी होती. पायऱ्या उतरते तर बिल्किस माझ्या आधीच तिथं. फाटकाबाहेर, रस्त्याच्या कडेला एक बाई उभ्या होत्या. पांढरी साडी, चेहऱ्यावर मास्कचे वळ, डोळे झोपेनं जड. कोवळं ऊन त्यांच्या पाठीवर पडलं होतं आणि त्यांची लांबच लांब सावली फाटकाच्या गजांमधून अंगणात पसरली होती.

बिल्किस त्या सावलीच्या कडेकडेनं चालत आली आणि नेमकी डोक्यावर उभी राहिली.

"डोक्यावर पाय नको देऊस गं," बाई हसून म्हणाल्या. "रात्रभर ड्यूटी करून आधीच दुखतंय."

"मग खांद्यावर?"

"खांद्यावर चालेल."

बिल्किस खाली सरकली, आणि मग तिथंच, त्या सावलीत मांडी घालून बसली. मला बघून म्हणाली, "अम्मी आहे माझी. शमीम सिस्टर. तुमच्या त्या पाहुण्याला हीच औषध देती."

"आमचा पाहुणा? तुमच्या कॉलेजचा तो!" मी म्हणाले.

बाईंनी माझ्याकडं निरखून पाहिलं. "हीच का गं, पाय धरणारी?"

"हीच."

"बरं पकडलंस बाई," त्या मला म्हणाल्या. "मला एवढ्या वर्षांत जमलं नाही."

बिल्किस लहान असतानाच तिचे वडील वारले होते. घरात या दोघीच. शमीम सिस्टरांची ड्यूटी त्या नव्या वॉर्डात लागली होती, तिथून सुटल्या की त्या घरी जायच्या आधी फाटकाशी येऊन उभ्या राहायच्या. पाच-सात मिनिटं. त्यांना लेकीजवळ यायला मनाई आणि लेकीला फाटकाजवळ जायला. सावलीला मनाई नव्हती.

मग एका सकाळी त्या आल्या नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाहीत.

"ड्यूटी वाढली असेल," बिल्किस खिडकीतून म्हणाली. मी काही विचारलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी डॉक्टर आला, फाटकाशी कुमठेकर मॅडमशी बोलला, आणि मॅडम बांबू न घेता बिल्किसच्या दाराशी गेल्या. शमीम सिस्टर आता त्याच वॉर्डात होत्या, पण खाटेवर. ऑक्सिजन लावला होता.

समोरची खिडकी बंद झाली. दुपारचं ताट स्टुलावर तसंच राहिलं. रात्रीचंही. तिच्या संघातल्या मुलींनी दाराबाहेरून हाका मारल्या, तिनं "जावा" एवढंच उत्तर दिलं. सकाळी मी दात घासताना बराच वेळ त्या बंद खिडकीकडं बघत उभी राहिले. भांडायला कुणी नव्हतं. मला ते सहन होईना. तिच्याजवळ जाऊन बसावं तर मधे सहा फूट, आणि बसून बोलावं तरी काय? मला बोलून धीर देता येत नाही. मला पकडी करता येतात.

मी अंगणात उतरले आणि तिच्या खिडकीखाली उभी राहून शक्य तेवढ्या कर्कश आवाजात ओरडले, "ए कराड! ढाल आमचीच हाय, हे मान्य केलंस का?"

खिडकी बंदच राहिली.

"रेषेला हात लागला नव्हता म्हणूनच तोंड लपवून बसलीयस!"

अंबिका तिच्या खिडकीत आली. "सारिके, अगं लाज वाटू दे. तिची आई..."

"मला ढाल पाहिजे," मी म्हणाले. "उरलेला खेळ खेळायचा. आज. नाहीतर ढाल आमची."

खिडकी खाडकन उघडली. बिल्किसचे डोळे सुजले होते. "डोकं फिरलंय का तुझं? शिवायचं न्हाई तर खेळायचं कसं?"

"सावलीला शिवायचं."

तिनं अंगणातल्या माझ्या लांब सावलीकडं पाहिलं.

"कपडे बदलून येते," ती म्हणाली.

"आधी जेव. उपाशी पोरीला हरवून मला मजा यायची न्हाई."

कुमठेकर मॅडमना मी घाबरत घाबरत विचारलं. त्यांनी समोरच्या बंद दाराकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "डॉक्टरांनी व्यायाम करा, अंतर ठेवा असं सांगितलंय," त्या सावकाश म्हणाल्या. "पंच कोण?" आणि मग पक्षी बघायची आपली दुर्बीण आणायला आत गेल्या.

त्याच सकाळी आठला आम्ही अंगणात रांगोळीनं मैदान आखलं. तोंडाला रुमाल बांधले. नियम दाभाडे सरांनी फोनवरून ठरवले. फोन स्टीलच्या तांब्यात ठेवला होता, त्यामुळं सरांचा आवाज विहिरीतून आल्यासारखा यायचा. चढाई करणारीनं सावलीवर पाय दिला की ती मुलगी बाद. आणि चढाई करणारीच्या सावलीवर कुणी दोन्ही पाय रोवून उभं राहिलं, की पकड. माणसामाणसात सहा फूट. जी जवळ जाईल ती बाद.

नाणेफेक आम्ही हरलो. बिल्किसनं पश्चिमेची बाजू घेतली. आधी आम्हाला कळलंच नाही तिनं काय केलं ते. मग खेळ सुरू झाला आणि कळलं. आम्ही पूर्वेला. ऊन आमच्या पाठीशी, त्यामुळं आमच्या सावल्या आमच्या आधी शत्रूकडं पोचत होत्या. अंबिकाची सावली तर मध्यरेषा ओलांडून थेट त्यांच्या हद्दीत जाऊन पडली होती. बिल्किसनं रेषेच्या आत नुसतं एक पाऊल टाकलं आणि अंबिका बाद.

"मी हललेसुद्धा नाही!" अंबिका रडकुंडीला आली.

"खाली बस! खाली बस! सावली लहान कर!" तांब्यातून दाभाडे सर ओरडले.

मग आम्ही सगळ्या बसूनच बचाव करायला लागलो. बदकांसारख्या. त्यांच्या मुली पोट धरून हसायला लागल्या आणि हसता हसता त्यांची चढाईला आलेली एक जण जागीच थांबली, तिच्या सावलीवर मी पाय रोवले.

दमाचा वेगळाच घोळ. रुमालाआडून कबड्डी कबड्डी ऐकूच यायचं नाही. मॅडम वरून ओरडायच्या, "त्या मुलीचा जप थांबलाय!"

"जप नव्हे मॅडम, दम," बिल्किस म्हणाली.

"बोललीस! बोललीस! चढाईत बोललीस, बाद!" मी किंचाळले.

मॅडमनी दुर्बीण खाली घेतली आणि गंभीरपणे बिल्किसला बाद दिलं. बिल्किसनं कपाळावर हात मारला, आणि मग ती हसली. रुमालाआडून नीट दिसलं नाही, पण डोळ्यांवरून कळलं. चार दिवसांनी पहिल्यांदा.

मधे बाजू बदलल्या. ऊन वर चढत होतं, सावल्या आखडत होत्या. अंबिकाला आता उभं राहता येत होतं. मॅडम खाली उतरल्या, त्यांनी सगळ्यात आखूड सावलीला बांबू लावून पाहिला. सावली जेमतेम बांबूएवढी भरली.

"आणखी थोड्या वेळानं सावलीला शिवायचं तर सहा फुटांच्या आत यावं लागेल," त्या म्हणाल्या. "शेवटची चढाई."

गुण पुन्हा बरोबरीत होते. चढाई बिल्किसची.

ती आत आली. डावीकडं झुकली, उजवीकडं झेपावली आणि आमच्या कोपऱ्यातल्या मुलीच्या सावलीला टाच लावून वळली. वेगानं रेषेकडं सुटली. तिची सावली तिच्या मागं फरफटत येत होती. ती रेषेपार पोचली असती तर खेळ संपला होता. माझ्या मनात एक क्षण आलं, जाऊ द्यावं. नुसतं अर्धं पाऊल उशीर करायचा. पण मी ढिली पडले असते तर तिला कळलं असतं. दयेनं जिंकणं तिला अम्मीच्या आजारापेक्षा जड गेलं असतं. मी उडी मारली आणि दोन्ही पाय जोडून तिच्या सावलीच्या डोक्यावर उतरले.

मॅडमची शिट्टी वाजली. यावेळी ती पंचाचीच होती.

"पकड!" तांब्यातून सर ओरडले. त्यांना दिसत काहीच नव्हतं, पण आमच्या ओरडण्यावरून त्यांनी ओळखलं.

आम्ही जिंकलो. ढाल ऑफिसात कुलूपबंद होती, म्हणून मॅडमनी कोरफडीची कुंडी बक्षीस दिली. बिल्किस दम खात गुडघ्यावर हात ठेवून उभी होती.

"एका पायाच्या टाचेखाली रांगोळी होती तुझ्या," ती म्हणाली. "सावली न्हवती. पकड धरता येत न्हाई."

"आता हे किती दिवस चालणार?"

"मरेपर्यंत," ती म्हणाली. मग हळूच, बाकीच्यांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात, "तुला ढाल नको होती, व्हय ना?"

"पाहिजे होती की," मी म्हणाले. तेही खोटं नव्हतं.

दोन आठवडे संपले. सगळ्यांच्या तपासण्या निगेटिव्ह. दाभाडे सरांनी कुठून कुठून फोन करून जिल्ह्याची सीमा ओलांडायचा पास मिळवला आणि एका सकाळी आमची गाडी फाटकाशी आली. घरी जायचं म्हणून आमच्या मुली नाचत होत्या. कराडच्या मुलींना त्यांचे वडील, भाऊ मोटारसायकलवरून न्यायला आले. एकेक जण गेली.

बिल्किस फाटकाबाहेर बॅग घेऊन एकटीच उभी होती. शमीम सिस्टर अजून वॉर्डातच होत्या. ऑक्सिजन निघाला होता, पण घरी कधी सोडतील ते कुणी सांगत नव्हतं. मॅडम तिला म्हणाल्या, "माझ्याकडे चल." ती म्हणाली, "नको मॅडम, घरी कोंबड्या आहेत." शेजारणीनं त्यांना दाणे टाकले होते, पण शेजारीण आता लांबूनच बोलत होती. सगळी गल्लीच लांबून बोलत होती. नर्सच्या घराला तेव्हा लोक भ्यायचे.

मी गाडीत खिडकीशी बसले होते. ड्रायव्हरनं गाडी सुरू केली. बिल्किसनं हात हलवला आणि ती रस्त्यानं चालायला लागली. नेहमी ती दोन्ही खांदे हलवत, समोरच्याला धक्का द्यायच्या बेतानं चालायची. आता नीट चालत होती, कडेकडेनं.

"थांबवा," मी म्हणाले.

"काय राहिलं गं?" दाभाडे सरांनी विचारलं.

"मी राहिले," असं म्हणून मी बॅग घेऊन उतरले.

सर दारात आले. "ऐवळे! पासवर तुझं नाव आहे! परत गाडी मिळायची नाही! घरी काय सांगू मी?"

"सांगा, मैत्रिणीकडं आहे म्हणून."

"मैत्रीण?" सरांना खरंच कळेना. "कोण मैत्रीण?"

माझ्या आईनं फोनवर मला तासभर झापलं. मग म्हणाली, "पीठ-मीठ आहे का घरात त्या पोरीच्या?"

बिल्किसच्या दोन खोल्यांच्या घरात मी दीड महिना राहिले. ती स्वयंपाकात माझ्याहून वाईट होती. आम्ही करपलेला भात कोंबड्यांना घातला आणि कोंबड्यांनीही नाकारला. रोज दुपारी दवाखान्यातून फोन यायचा, तेव्हा ती मोबाइल माझ्या हातात द्यायची आणि मोरीत जाऊन नळ सोडून उभी राहायची. मी ऐकायचे, मग मोरीच्या दारावर थाप मारून सांगायचे, "बरी आहे." मग नळ बंद व्हायचा.

एप्रिल संपता संपता शमीम सिस्टर घरी आल्या. अर्ध्या झाल्या होत्या. आल्या आल्या आतल्या खोलीत गेल्या आणि दोन आठवडे तिथंच राहिल्या. आमच्याशी दाराआडून बोलायच्या. तिथूनच त्यांनी आम्हाला आमटी शिकवली, नुसत्या फोडणीच्या आवाजावरून. "जळाली," म्हणायच्या. "मोहरी जळाली. परत कर."

आज मी सांगोल्याच्या एका शाळेत मुलींना कबड्डी शिकवते. बिल्किस आणि मी त्यानंतर मैदानावर पुन्हा कधी समोरासमोर आलो नाही. आमचं कॉलेज संपलं होतं आणि पुढच्या वर्षी स्पर्धाही झाली नाही. पण लोक जेव्हा विचारतात की त्या दिवसांतलं काय आठवतं, तेव्हा मला फायनल आठवत नाही.

सिस्टरांचे दोन आठवडे संपले, त्या दिवशी सकाळी आतल्या खोलीचं दार उघडलं. त्या बाहेर आल्या, उंबऱ्यात बसल्या आणि खोबरेल तेलाची बाटली शेजारी ठेवून म्हणाल्या, "काय ही डोकी करून ठेवलीयत दोघींनी. या इकडं."

बिल्किस पळतच जाऊन त्यांच्या पुढ्यात बसली. मी चुलीपाशीच उभी राहिले.

"तू पण ये," त्या मला म्हणाल्या. "तुझं आधी करते. तुझा गुंता जास्त आहे."

मी जाऊन पाठमोरी बसले. त्यांनी माझी वेणी सोडली आणि केसांत बोटं घातली. मार्चपासून मला कुणी हात लावला नव्हता. मीही कुणाला लावला नव्हता. एका घरात, एका चुलीवर राहत असूनसुद्धा आम्ही दोघी सवयीनं सहा फूट सोडून झोपायचो.

"दुखतंय का गं?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मग रडतेस कशाला?"

"तेल गेलं डोळ्यात."

बिल्किसनं मान वळवून पाहिलं. "अम्मीनं अजून बाटली उघडलेली न्हाई," ती म्हणाली.